ड्रमात किती सायट्रिक टाकायचं? पीएच आणि बफरची गणितं, पहिल्यापासून

ऑक्टोबर छाटणी होऊन वीसेक दिवस झाले होते. घड पोपटी रंगावर आले होते आणि दादाला जीएची (जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाची) पहिली फवारणी त्याच दिवशी उरकायची होती. जिबरेलिक आम्ल अल्कधर्मी पाण्यात नीट टिकत नाही, म्हणून फवारणीचं पाणी साडेपाच ते सहा सामूवर (पीएचवर) आणायचं, हे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला तोंडपाठ असतं. आमच्या विहिरीचं पाणी मीटरवर ७.८ दाखवत होतं. दादा दरवर्षी अंदाजाने ओंजळभर सायट्रिक ॲसिड ड्रमात टाकतो आणि काठीने ढवळतो. यंदा त्याचा मुलगा, बारावी सायन्सचा, वही घेऊन पुढे आला. "पप्पा, अंदाज कशाला? गणित आहे ना."

त्याचं गणित असं होतं: सामू ६ म्हणजे लिटरमागे ०.०००००१ मोल (मोल म्हणजे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) हायड्रोजन आयन. ड्रम दोनशे लिटरचा, म्हणजे ०.०००२ मोल. सायट्रिकच्या एका मोलचं वजन २१० ग्रॅम, म्हणजे लागणार सुमारे ०.०४ ग्रॅम. एवढं मोजायला घरात काटाच नव्हता, म्हणून त्याने चिमटीच्या टोकावर राहील एवढं टाकलं. मीटर हललंसुद्धा नाही. दादाने काही न बोलता ओंजळ भरली, ओतली, ढवळलं. सामू ६.१.

"आत्या, चुकलं कुठे?"

बेरीज-गुणाकार सगळे बरोबर होते. तरी उत्तर हजारो पटींनी चुकलं होतं. ही चूक समजली की बफर, म्हणजे सामू सहजासहजी हलू न देणारं द्रावण, समजला असं मी वर्गात सांगते, पण तिथवर जायला चार-पाच पायऱ्या चढाव्या लागतात. बारावीची मुलं, कृषी पदविकेला नुकती लागलेली मुलं आणि वायनरीच्या लॅबमध्ये पहिलीच नोकरी मिळालेली मंडळी, सगळ्यांना त्या एकच आहेत. वही-पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर नसला तरी चालेल.

एक खुलासा आधीच करते. पीएच आणि सामू हे एकच. शेतीच्या भाषेत सामू, लॅबमध्ये पीएच. मी दोन्ही वापरणार आहे, कारण आमच्या घरात दोन्ही चालतात. आणि जिथे १०^−४ असं लिहिलंय, तिथे 'दहाचा उणे चौथा घात' असं वाचायचं.

पहिली पायरी: लॉगची भीती घालवणे

सोरेनसेन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी आणली. तो कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायचा. आंबवण्याच्या क्रियेत आणि एन्झाइमच्या कामात हायड्रोजन आयनांचं प्रमाण फार महत्त्वाचं, पण ते आकडे इतके बारीक की शून्यं मोजतानाच माणूस थकतो. म्हणून त्याने फक्त घात उचलला आणि उणे चिन्ह काढून टाकलं. वायनरींच्या गावात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की पीएचचा जन्म मद्याच्या कारखान्यातच झालेला आहे.

पीएच = −लॉग [हायड्रोजन आयन]

चौकटी कंसाचा अर्थ 'लिटरमागे किती मोल', म्हणजेच रेणुता. लॉग म्हणजे तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते. त्याचे चारच आकडे पाठ करा: २ चा ०.३०, ३ चा ०.४८, ५ चा ०.७०, ७ चा ०.८५. उरलेले यातूनच निघतात. ४ म्हणजे २ गुणिले २, तर लॉग ०.६०. ६ म्हणजे २ गुणिले ३, तर ०.७८.

आता युक्ती. प्रमाण 'अ × १०^−न' असं दिलं असेल तर पीएच = न − लॉग अ. समजा हायड्रोजन आयन ४ × १०^−४ आहेत. पीएच = ४ − ०.६० = ३.४०. हा साधारण पांढऱ्या वाइनचा सामू झाला. उलटं जायचं असेल, म्हणजे ३.४ वरून प्रमाण काढायचं असेल, तर ३.४ ला ४ वजा ०.६ असं फोडा. ०.६ हा ४ चा लॉग. उत्तर ४ × १०^−४. उलटं जाताना मुलं सर्वांत जास्त अडखळतात आणि खरं काम नेमकं तिथेच पडतं. दहा-बारा वेळा करून हात बसवा.

पाण्यात हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचा गुणाकार २५ अंश सेल्सिअसला १०^−१४ असतो. म्हणून पीएच + पीओएच (हायड्रॉक्साइडसाठीचा तसाच उणे लॉग) = १४. या वाक्यातलं '२५ अंश' मुलं गाळतात. तापमान वाढलं की हा गुणाकार वाढतो. ४० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू ६.७७ भरतो, आणि निफाडच्या थंडीत पारा ५ अंशांवर उतरतो तेव्हा ७.३७. दोन्ही वेळा पाणी उदासीनच असतं, कारण दोन्ही आयन सारखेच असतात. ७ हा आकडा देवाने दिलेला नाही.

दुसरी पायरी: तीव्र आम्लं, आणि दोन सापळे

हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्ल पाण्यात पडलं की पूर्ण विचरण होतं, सगळे हायड्रोजन आयन मोकळे. ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच २. कॉस्टिक सोड्याचं ०.०२ मोलर द्रावण असेल तर आधी पीओएच काढा: २ − ०.३० = १.७०. मग पीएच = १२.३०. इथे फार थांबण्यासारखं काही नाही. दोन सापळे मात्र बघून ठेवा.

पहिला, सरासरीचा. पीएच २ आणि पीएच ४ ची तीव्र आम्लं सारख्याच आकारमानात मिसळली तर पीएच ३ होत नाही. आयनांची सरासरी काढायची, पीएचची नाही. ०.०१ आणि ०.०००१ यांची सरासरी ०.००५०५, पीएच २.३०. पीएच ४ च्या आम्लाचा हिशेबात जवळजवळ पत्ताच लागत नाही.

दुसरा, १०^−८ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा. सूत्रात घातलं तर पीएच ८ येतो, म्हणजे आम्ल घालून पाणी अल्कधर्मी झालं! इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे १०^−७ आयन जास्त भरतात. ते धरून वर्गसमीकरण सोडवलं की उत्तर ६.९८. परीक्षेत हा प्रश्न गणितासाठी नसतो, उत्तराकडे पाहून तुमच्या कपाळाला आठी पडते की नाही हे बघण्यासाठी असतो.

तिसरी पायरी: सौम्य आम्लं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली सगळी

व्हिनेगर, लिंबू, चिंच, ताक, द्राक्षं यांतली आम्लं सौम्य. ती सगळे हायड्रोजन आयन एकदम सोडत नाहीत. थोडे मोकळे असतात, बाकीचे रेणूला धरून बसलेले असतात. मी मुलांना सांगते: डब्यातलं पीठ आणि कणगीतले गहू. मीटर फक्त डब्यातलं पीठ मोजतं. कणगीत किती पडलंय ते मीटरला दिसत नाही. हा फरक धरून ठेवा, पुढे ड्रमापाशी लागणार आहे.

किती मोकळे आणि किती धरलेले, हे विचरण स्थिरांक, म्हणजे केए, सांगतो. ॲसेटिक आम्लाचा केए १.८ × १०^−५. त्याचाच उणे लॉग म्हणजे पीकेए: ५ − ०.२६ = ४.७४. जितका पीकेए लहान, तितकं आम्ल सढळ हाताचं.

किराणा दुकानातलं ४ टक्क्यांचं व्हिनेगर घ्या. लिटरमागे ४० ग्रॅम ॲसेटिक आम्ल, मोलचं वजन ६०, म्हणजे ०.६७ मोलर. मोकळे झालेले हायड्रोजन आयन क्ष मानले तर तेवढेच ॲसिटेट आयनही सुटले:

केए = क्ष × क्ष ÷ (०.६७ − क्ष)

क्ष फार लहान असणार असं धरून खालचा क्ष सोडून द्यायचा. मग क्ष = वर्गमूळ (१.८ × १०^−५ × ०.६७) = ३.५ × १०^−३, पीएच २.४६. आता मागे वळून तपासायचं: क्ष हा ०.६७ च्या तुलनेत अर्धा टक्का. पाच टक्क्यांच्या आत असेल तर सोडून दिलेलं माफ. ०.००१ मोलर ॲसेटिक आम्लात हे प्रमाण १३ टक्क्यांवर जातं, तिथे वर्गसमीकरण सोडवावं. खरं सांगायचं तर तिथेही फरक ३.८७ आणि ३.९० एवढाच पडतो. बागेत तो कुणी विचारत नाही, पेपर तपासणारा विचारतो.

गंमत इथून पुढे. हेच व्हिनेगर दहापट पातळ करा. तीव्र आम्ल असतं तर पीएच पूर्ण एकाने वाढला असता. इथे २.४६ वरून फक्त २.९६ वर येतो. पाणी घातल्यामुळे डब्यातलं पीठ कमी पडलं, तसे कणगीतून गहू निघाले आणि दळले गेले. सौम्य आम्ल आपली तूट स्वतःच काही अंशी भरून काढतं. बफरचं बीज यातच आहे.

चौथी पायरी: क्षार, भरभर

सौम्य आम्लाचा सोडियम क्षार पाण्यात अल्कधर्मी वागतो, कारण ॲसिटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन ओढतो. ०.१ मोलर सोडियम ॲसिटेटचा पीएच ८.८७ येतो. केबी, म्हणजे आम्लारीसाठीचा तसाच स्थिरांक, काढायला १०^−१४ ला केए ने भागा, मग तिसऱ्या पायरीचंच गणित हायड्रॉक्साइडसाठी करा. खायच्या सोड्याचं द्रावण ८.३ च्या आसपास राहतं, कारण कार्बनिक आम्लाचे दोन पीकेए ६.३५ आणि १०.३३, आणि त्यांची सरासरी ८.३४. मीठ मात्र तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांचं अपत्य, ते सामूला हात लावत नाही.

पाचवी पायरी: बफर

सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार दोन्ही भरपूर प्रमाणात एकाच भांड्यात ठेवले की बफर. आम्लारी आलं तर आम्लाचा भाग ते खातो, आम्ल आलं तर क्षाराचा भाग ते गिळतो. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये रक्तातल्या कार्बनिक आम्लाचा विचार करताना हे समीकरण मांडलं आणि हासेलबाल्क यांनी पुढे त्याला लॉगचं रूप दिलं:

पीएच = पीकेए + लॉग ([क्षार] ÷ [आम्ल])

दोन्ही सारखे असतील तर लॉग १ म्हणजे शून्य, पीएच = पीकेए. एक लिटरमध्ये ०.१ मोल ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट: पीएच ४.७४. यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल ओता. ॲसिटेट ०.०९ उरतं, आम्ल ०.११ होतं. ०.०९ ÷ ०.११ = ०.८२, त्याचा लॉग −०.०९. नवा पीएच ४.६५ ते ४.६६. तेवढंच आम्ल साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओतलं असतं तर सामू ७ वरून थेट २ वर कोसळला असता.

आता तोच बफर दहापट पातळ घ्या, ०.०१ आणि ०.०१. सुरुवातीचा पीएच तोच, ४.७४. मीटरला दोन्हींत फरक दिसणार नाही. पुन्हा ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल ओता. सगळं ॲसिटेट संपलं, भांड्यात नुसतं ०.०२ मोलर ॲसेटिक आम्ल उरलं. पीएच ३.२२. आकडा सारखा, पण दम वेगळा. त्या दमाला बफर क्षमता म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिला दोन ओळी मिळतात, मला विचाराल तर तिला अख्खं पान मिळायला हवं होतं.

या समीकरणाशी गाठ पडली की मुलं एक चूक हमखास करतात: बाटलीवरची रेणुता थेट सूत्रात घालतात. आधी मिली गुणिले मोलर करून मिलिमोल मांडा, आम्ल-आम्लारीची मारामारी होऊ द्या, मग उरलेल्यांचं गुणोत्तर घ्या. उदाहरणार्थ १०० मिली ०.२ मोलर ॲसेटिक आम्लात ५० मिली ०.१ मोलर कॉस्टिक सोडा. आम्ल २० मिलिमोल, सोडा ५. मारामारीनंतर आम्ल १५, ॲसिटेट ५. गुणोत्तर एक तृतीयांश, लॉग −०.४८. पीएच ४.२६. एकूण आकारमान १५० मिली झालं, पण ते वर-खाली दोन्हीकडे असल्याने उडून जातं.

स्वतः बफर बनवायचा असेल तर आधी हव्या त्या पीएचच्या जवळ पीकेए असलेली जोडी निवडा. ४.७४ साठी ॲसिटेट, ७.२ साठी फॉस्फेट, ९.२५ साठी अमोनिया. पीकेएच्या एक वर, एक खाली, यापलीकडे जोडी काम देत नाही. समजा ५०० मिली, एकूण ०.१ मोलर, पीएच ५.० हवाय. ५.० − ४.७४ = ०.२६, म्हणजे क्षार-आम्ल गुणोत्तर १.८२. एकूण ५० मिलिमोलपैकी ॲसिटेट ३२.३ आणि आम्ल १७.७. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेटच्या मोलचं वजन १३६, म्हणून ४.४ ग्रॅम. ॲसेटिक आम्ल १७.७ मिलिमोल म्हणजे १.०६ ग्रॅम, ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) असेल तर साधारण १ मिली. ते चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून घ्यायचं. नाकात गेलं की आठवडाभर आठवण राहते. दोन्ही ४०० मिली पाण्यात विरघळवा, मीटरवर पाहा, थेंबा-थेंबाने दुरुस्त करा, आणि सगळ्यात शेवटी ५०० पर्यंत पाणी भरा. आधीच ५०० भरलं तर दुरुस्तीला जागा राहत नाही.

मीटरबद्दल चार शब्द, कारण खोटं बोलणारं मीटर असेल तर वरचं सगळं वाया. ४.० आणि ७.० च्या बफर गोळ्या मिळतात, एक गोळी सांगितलेल्या मापाच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची आणि त्या दोन द्रावणांवर मीटर जुळवून घ्यायचं. अल्कधर्मी बाजूला काम असेल तर ९.२ ची गोळीही. काचेची कांडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. कोरडी तर अजिबात पडू देऊ नका. आमच्या घरचं मीटर एक पूर्ण उन्हाळा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये होतं. त्यानंतर ते दही आणि दूध दोन्हींना ६.९ म्हणायचं.

वायनरीत हेच सूत्र दुसऱ्या अंगाने

गंगापूर धरणाच्या बाजूच्या किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीच्या लॅबमध्ये गेलात तर पहिल्याच आठवड्यात सल्फर डायऑक्साइडशी गाठ पडेल. वाइन खराब होऊ नये म्हणून तो घालतात, पण जंतूंवर काम करतो तो त्याचा आयन न झालेला भाग. पीकेए १.८१. वाइनचा पीएच ३.२ असेल तर हा कामाचा भाग सुमारे ३.९ टक्के, ३.६ असेल तर १.६ टक्के. लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम कामाचा भाग हवा असेल तर पहिल्या वाइनला मुक्त सल्फर डायऑक्साइड २० मिलिग्रॅम पुरतो, दुसरीला ५० लागतो. पीएचमधला ०.४ चा फरक, आणि मात्रा अडीचपट. द्राक्षं उशिरा तोडली, सामू वर गेला, की वाइनमेकरचा चेहरा का उतरतो ते यावरून कळावं.

त्याच लॅबमध्ये पीएच आणि एकूण आम्लता अशा दोन वेगळ्या रकान्यांत नोंदी असतात. पहिला मीटरने, दुसरी ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचनळीतून) कॉस्टिक सोडा सोडून, अनुमापन करून. पहिला रकाना डब्यातल्या पिठाचा, दुसरा कणगीचा. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल सौम्य आहे आणि रसात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे रस स्वतःच एक बफर असतो. दोन रसांचा पीएच सारखा आणि आम्लता वेगळी, हे नेहमीचंच.

आता पुन्हा ड्रमापाशी

भाच्याने विहिरीच्या पाण्याला डिस्टिल्ड वॉटर समजून गणित केलं होतं. पावसाचं पाणी ब्रह्मगिरीवर पडतं तेव्हा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा सामू ५.६ च्या आसपास असतो. मग ते मातीत मुरतं, मुळांनी सोडलेला आणखी कार्बन डायऑक्साइड घेतं, काळ्या बेसॉल्टला आणि चुनखडीला झिजवत विहिरीत उतरतं. तोवर त्यात बायकार्बोनेट साठलेलं असतं. कार्बनिक आम्ल आणि बायकार्बोनेट म्हणजे पीकेए ६.३५ ची तयार बफर जोडी. सामू ७.८ वरून ६ ला न्यायचा तर वाटेत ही जोडी आडवी येणारच.

पाणी तपासणीच्या अहवालात बायकार्बोनेटचा रकाना असतो, तो बघा. समजा लिटरमागे ३६६ मिलिग्रॅम आहे. मोलचं वजन ६१, म्हणजे ६ मिलिमोल. ७.८ ला जवळजवळ सगळं बायकार्बोनेट रूपातच असतं. ६.० ला गुणोत्तर काढा: ६.० − ६.३५ = −०.३५, म्हणजे बायकार्बोनेट ०.४५ भाग तर कार्बनिक आम्ल १ भाग. बायकार्बोनेट एकूणच्या ३१ टक्के उरतं, बाकीचं मारायचं. लिटरमागे साधारण ४.१ मिलिमोल हायड्रोजन आयन लागले. दोनशे लिटरला ०.८२ मोल. भाच्याचं उत्तर ०.०००२ होतं. चार हजार पट फरक!

सायट्रिक आम्लाला द्यायला तीन हायड्रोजन असतात, पीकेए ३.१३, ४.७६ आणि ६.४०. सामू ६ ला पहिले दोन जवळजवळ पूर्ण सुटतात, तिसरा थोडासा, मिळून सरासरी २.२. ०.८२ ÷ २.२ = ०.३७ मोल, गुणिले २१० ग्रॅम, सुमारे ७७ ग्रॅम. दादाची ओंजळ आम्ही नंतर काट्यावर ओतून पाहिली, ७० भरली. तीस वर्षांचा हात आहे तो.

आता कॅनॉलचं पाणी घ्या, सामू तोच ७.८, पण बायकार्बोनेट १२२ मिलिग्रॅम. हाच हिशेब करून २५ ग्रॅम सायट्रिक पुरतं. विहिरीच्या हिशेबाने ७७ टाकलं तर सामू साडेपाचच्याही खाली घसरेल. मीटरवर आधी दोन्ही पाणी सारखीच दिसत होती.

अहवाल हाताशी नसेल तर बादली मांडा. मला स्वतःला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. १०० ग्रॅम सायट्रिक एक लिटर पाण्यात विरघळवा, म्हणजे १० मिलीत १ ग्रॅम. बादलीत मोजून १० लिटर पाणी घ्या. सिरिंजने ५-५ मिली टाका, ढवळा, थांबा, आकडा लिहा. सुरुवातीला सामू पटकन सातकडे येतो, मग साडेसहाच्या आसपास रेंगाळतो, टाकत राहिलात तरी हलत नाही. तिथे मीटर बिघडलंय असं समजून एकदम ओतू नका, तो बफर आहे. सहाला पोचल्यावर जितके मिली लागले त्याला २ ने गुणा, दोनशे लिटरच्या ड्रमासाठीचे ग्रॅम मिळाले. वरच्या विहिरीला ३८ मिली लागतील, ७६ ग्रॅम.

एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. आम्ल टाकल्यावर बायकार्बोनेटमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड उघड्या ड्रमातून हळूहळू उडून जातो. जोडीतला आम्लाचा भाग कमी झाला, गुणोत्तर वाढलं, सामू पुन्हा वर चढतो. सकाळी सहावर आणलेलं पाणी दुपारी साडेसहा दाखवतं ते यामुळे. म्हणून पाणी तयार केलं की लगेच वापरा, किंवा ढवळून थोडा वेळ सोडा आणि फवारणीआधी परत मोजा.

आणि आम्ल सगळीकडे चालत नाही. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) किंवा ताम्रयुक्त औषधात ते टाकलं तर तांबं जास्त विरघळतं आणि पानं करपतात. बोर्डोत चुना पुरेसा पडलाय का ते बघायला लोखंडी खिळा बुडवतात, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. तोही सामूचाच हिशेब, फक्त खिळ्याने केलेला. चुना-गंधकाच्या द्रावणात आम्ल तर कधीच नाही, त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो.

भाच्याने दोन्ही पाण्यांची बादली मांडून पाहिली. आता पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिलेलं असतं: विहीर ७५, कॅनॉल २५. पाऊस जोरात झाला की विहिरीचा आकडा बदलतो, तेव्हा तो जुना पुसून पुन्हा सिरिंज घेऊन बसतो. दादा अजून ओंजळच भरतो, पण टाकायच्या आधी दाराकडे एकदा बघतो.